चोवीस घोड्यांची स्पिती

हिमाचलातल्या स्पितीला निघायच्या आदल्या रात्री जेवता जेवता भाच्याने विचारलं, "मावशी, माझी ड्यूक २०० सीसीची, तुझी गाडी ४११ ची. घोडे दोघींचे जवळपास तेवढेच, चोवीस-पंचवीस. मग तुझे वरचे दोनशे सीसी जातात कुठे?"

ताईने डोळे वटारून त्याला गप्प केलं, पण प्रश्न रास्त होता. माझी रॉयल एनफिल्ड हिमालयन २०२१ सालची. कागदावर २४.३ बीएचपी, म्हणजे तेवढे घोडे, आणि पेट्रोल-ऑइल भरून वजन १९९ किलो. सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर, माझी उंची पाच फूट तीन इंच. सिग्नलला एका पायाचा चवडा टेकतो, दुसरा हवेत. एवढं सगळं माहीत असून गाडी घेतली होती आणि का घेतली ते एका वाक्यात सांगता येत नव्हतं. म्हटलं, "आल्यावर सांगते."

पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसबाहेर आधी टाकी कोरडी करतात. एका पोराने नळी घालून उरलंसुरलं पेट्रोल कॅनमध्ये उतरवलं, आरसे काढून माझ्या हातात दिले, गाडीला गोणपाट गुंडाळलं आणि पुठ्ठ्यावर मार्करने 'पुणे ते अंबाला कँट' लिहिलं. शेजारी दाजींची मिटिऑर ३५०, तीही तशीच बांधलेली. दाजी साताऱ्याचे. बोलतात कमी, चहा पितात जास्त. ताई त्यांच्या मागे बसणार होती, कारण त्या गाडीला मागच्याला पाठ टेकायला जागा आहे. "तुझ्या त्या उंटावर मी नाही बसणार," हे तिने घरीच जाहीर केलं होतं. झेलम एक्सप्रेसमध्ये दोन रात्री काढल्या. त्यातली एक दाजींच्या घोरण्यात.

दिवस पहिला : अंबाला ते नारकंडा

गोणपाट सोडलं, पंपापर्यंत गाड्या ढकलत नेल्या, टाक्या भरल्या आणि चंदीगडच्या बाजूने निघालो. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, पाऊस ओसरलेला.

हायवेबद्दल खरं सांगायचं तर या गाडीला तिथे फार काही म्हणायचं नसतं. पाचव्या गिअरात ८५-९० ला ती निवांत असते. शंभरच्या पुढे न्यायला गेलं की जाते, पण हँडल आणि पाय ठेवायचे फूटपेग बारीक मुंग्या पाठवायला लागतात, की बाई, कशाला? परवाणूपर्यंत टॅक्स्या झपाझप मागे टाकून जात होत्या. इथे भाचा असता तर दिसेनासा झाला असता.

सोलनच्या पुढे मला जाणवलं की पुढचं चाक हलकं लागतंय. वळणावर हँडल जरा तरंगल्यासारखं. चूक माझीच होती. सगळं सामान मागे लादलं होतं, हत्यारांची पिशवीसुद्धा. या गाडीच्या टाकीच्या दोन्ही अंगांना नळ्यांचा रॅक असतो. लोकांना तो शोभेचा वाटतो, मलाही दोन वर्षं तसाच वाटला. संध्याकाळी नारकंड्याला हत्यारं, सुटी ट्यूब आणि पाण्याच्या बाटल्या दोन भागांत करून त्या रॅकला बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी गाडी वेगळीच. आता पुढे नऊ-दहा किलो, तेही खाली आणि टाकीला लागून. चेसीचं, म्हणजे सांगाड्याचं, काम हॅरिस परफॉर्मन्स या ब्रिटिश कंपनीचं. एनफिल्डने ती २०१५ मध्ये विकत घेतली आणि पुढच्याच वर्षी हिमालयन बाजारात आली. दिसायला गाडी देखणी नाही हे मी मान्य करते. दाजी तिला 'मांडव' म्हणतात. पण मांडवातला एकेक बांबू कशासाठी आहे ते ओझं टाकल्यावर कळतं.

ठियोगपासून रस्ताभर सफरचंदांच्या पेट्या आणि ट्रक. नारकंडा २७०० मीटरवर. रात्री दोन रजया घेऊनही ताई कुडकुडत होती.

दिवस दुसरा : नारकंडा ते कल्पा

सकाळी उतार. २७०० मीटरवरून सतलजच्या काठाला, रामपूरला हजारेक मीटरपर्यंत खाली. स्वेटर काढा, जॅकेट उघडा, मग तेही काढा. तिसऱ्या गिअरात थ्रॉटल सोडून दिला की इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला हात क्वचित लागतो. मोठा पिस्टन, एकच सिलिंडर, धरायला भक्कम. दाजींच्या गाडीचंही तसंच. आमच्या पुढे एक स्कूटर होती, तिचा ब्रेकचा दिवा खालपर्यंत विझलाच नाही.

झाकरी गेलं, वांगटू गेलं, आणि मग कड्यात कोरलेला रस्ता आला. फोटोत सगळ्यांनी पाहिलेला असतो तो. डोक्यावर खडक छपरासारखा पुढे आलेला, डावीकडे भिंत, उजवीकडे काहीच नाही, खूप खाली सतलज राखाडी रंगाची. आणि समोरून बस.

ही जागा मला नीट सांगायची आहे, कारण आखूड पायाच्या माणसाला गाडी खरी कळते ती अशाच ठिकाणी. चढ. रस्ता खडीचा. मी भिंतीच्या बाजूला थांबले. उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डाव्याचा चवडा एका दगडावर, खाली १९९ किलो अधिक तीसेक किलो सामान. बस इंचाइंचाने सरकत माझ्या आरशाला जवळजवळ चाटून गेली. ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून माझा आरसा हळूच आत वळवला आणि गेल्यावर मागे बघून हसला. आता निघायचं. हाताला घाम. फुल थ्रॉटल दिला तर खडीवर चाक फिरणार, कमी दिला तर इंजिन बंद, आणि बंद पडलं तर तोल दरीकडे. मी थ्रॉटलला हातच लावला नाही. क्लच नुसता अर्ध्यावर आणला आणि ब्रेक हळूहळू सोडला. इंजिन एकदा खाकरलं, आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, जरा पडला, आणि गाडी बैलासारखी मान खाली घालून चालायला लागली. दोन-तीन मीटर गेल्यावर मी ब्रेकवरचा पाय पेगवर घेतला.

३२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, ४००० ते ४५०० आरपीएमला, असं ब्रोशरमध्ये लिहिलेलं असतं. तिथे उभं राहून मला वाटलं, हजार-बाराशेला किती ते लिहायला हवं होतं.

रेकाँग पिओहून वर कल्प्याला. समोर किन्नर कैलास. ताई म्हणाली, "माझी कंबर ठीक आहे," आणि मिटिऑरच्या पाठीवर तिने प्रेमाने थाप मारली.

दिवस तिसरा : कल्पा ते नाको

छोटा दिवस. खाली पोवारीला पंप आहे, तिथे दोन्ही टाक्या काठोकाठ. यानंतर स्पितीतल्या काझा गावापर्यंत पंप लागला नाही. दोन्ही गाड्यांची टाकी १५ लिटरची, माझी लिटरला तीसच्या आसपास देते, म्हणजे साडेचारशे किलोमीटरचा हिशेब. पोवारी ते काझा सव्वादोनशेच्या आत. तरी वाटेत भेटलेल्या पाच गाड्यांपैकी चारांना पाच-पाच लिटरचे कॅन लटकवलेले. पेट्रोलची भीती ही एक गंमतच आहे. मोठी टाकी घ्यायची आणि वर कॅनही न्यायचा.

खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. तिथून रस्ता वळणांनी वर चढतो आणि हिरवळ संपते. नाको ३६०० मीटरच्या वर. तळ्याकाठी याक. दाजींचं डोकं दुखायला लागलं, त्यांनी लसूण चावला आणि झोपले.

दिवस चौथा : नाको ते काझा

मलिंग नाला सकाळी लवकर ओलांडला. दुपारी ऊन चढलं की बर्फ वितळतं आणि अशा नाल्यांना पाणी वाढतं. चिकचिक होती, बाकी त्रास नाही. सुमदोला चौकीवर नोंद केली. हुरलिंगच्या पुढे मागचं चाक साबणावर चालल्यासारखं डुलायला लागलं. थांबून बघितलं. पंक्चर.

गेल्या पावसाळ्यात पसरणी घाटात दाजींना खिळा लागला होता. मिटिऑरची चाकं अलॉयची, टायर ट्यूबलेस. खिळा उपसला, रबराची वात खुपसली, हवा भरली, दहा मिनिटांत वाईला चहा. माझ्या गाडीची चाकं तारांची. तारांचं चाक आदळलं तर थोडं लवचिकपणे सोसतं, वाकलं तर खेड्यातला माणूसही तारा ताणून सरळ करतो. पण तारा रिममधून आरपार जातात, म्हणून हवा धरायला आत ट्यूब हवीच. आणि ट्यूब म्हटलं की चाक काढणं आलं.

मधल्या स्टँडवर गाडी चढवली. सामान उतरवलं. ताई दगडावर बसून सफरचंद कापायला लागली. मागच्या एक्सलचा नट काही केल्या हलेना. माझा पाना वीतभर, मी त्यावर उभी राहिले तरी नाही. दाजी न बोलता रस्त्याच्या कडेला गेले आणि कुठल्याशा पडक्या कुंपणाचा हातभर लोखंडी पाइप घेऊन आले. पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला आणि म्हणाले, "आता लाव हात. जोर नको लावूस, नुसतं टेक."

टेकलं. नट 'कर्र' करून सुटला.

मी तिथेच हसायला लागले. ताईला वाटलं, विरळ हवेने डोकं फिरलं. पण भाच्याचं उत्तर हातात होतं. ड्यूकच्या सिलिंडरचा व्यास ७२ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ४९. माझ्या गाडीचा व्यास ७८, धाव ८६. म्हणजे क्रँकची दांडी जवळजवळ पावणेदोन पट लांब, पिस्टनही थोडा रुंद, म्हणून सिलिंडर दुपटीने मोठा. पाइप लावलेला पाना भराभर गरगरा फिरवता येत नाही, पण फिरवावाही लागत नाही. घोडे म्हणजे पिळाचा जोर गुणिले फेरे. भाच्याचे पंचवीस घोडे १०,००० आरपीएमला गोळा होतात, माझे चोवीस ६५०० ला. त्याचा सगळ्यात जास्त टॉर्क एकोणीसच्या आसपास, तोही ८००० ला. कड्याखाली बससमोर मी ८००० आरपीएम कुठून आणणार होते?

असो. चाक बाकी होतं. साखळी ढिली करून चाक पुढे ढकललं, साखळी दातांवरून उतरवली, एक्सल ओढला. टायरची कड रिमला घट्ट चिकटलेली. ती सोडवायला दाजींनी मिटिऑर जवळ आणून तिचा साइड स्टँड टायरवर टेकवला आणि गाडीचं वजन त्यावर तिरकं टाकलं. हा जुगाड त्यांनी कुठे शिकला देवजाणे. मग दोन टायर लिव्हर, साबणाचं पाणी, नवी ट्यूब, आणि तिला चिमटा बसू नये म्हणून आत आधी थोडी हवा. जुन्या ट्यूबमध्ये बोटाच्या पेराएवढी तार निघाली. छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरून सामान परत बांधेपर्यंत पावणेदोन तास. एवढ्या वेळात सहा गाड्या थांबल्या, चौकशी करून गेल्या. एका ट्रकवाल्याने तर आमचं अर्धं सफरचंदही खाल्लं.

मला विचाराल तर लांबच्या गाडीला ट्यूबलेस हवेत, तारांचेच पण ट्यूबलेस. पावणेदोन तास बसल्यावर कुणाचंही हेच मत होतं.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, बाहेरून मातीच्या ढेपांसारखा, आत भिंतीभर चित्रं. आम्ही दमून गेलो होतो, अर्ध्या तासात निघालो. त्याची चुटपुट अजून आहे.

काझाला पोचता पोचता खड्ड्यात गाडी दबली की खालून 'टक्' असा आवाज यायला लागला. संध्याकाळी एका मेकॅनिककडे नेली. विशी-बाविशीचा पोरगा. त्याने मला आणि दाजींना दोघांनाही सीटवर बसवलं, स्वतः खाली वाकून एका बोटाने साखळी उचलायला बघितली. साखळी तारेसारखी ताठ. "किसने लगाया पहिया?" मी हात वर केला. मी चाक बसवताना गाडी स्टँडवर होती, मागचं चाक लोंबकळत होतं, आणि त्या स्थितीत साखळी छान नेमकी वाटत होती. पण या गाडीचं मागचं चाक १८० मिलिमीटर वर-खाली होतं. ओझ्याने दबून मागचं चाक धरणारा स्विंगआर्म आडवा झाला की दोन दातेचाकांतलं अंतर वाढतं आणि साखळी ताणली जाते. रोजच्या कम्यूटर गाडीला ही चूक खपते. लांब सस्पेन्शनच्या गाडीला साखळी जरा गबाळी दिसेल इतकी ढिली ठेवावी लागते. त्याने दोन आटे सोडले, पैसे घ्यायला तयार नव्हता. चहा पाजला.

दिवस पाचवा : काझाच्या आसपास

काझा साधारण ३६५० मीटर. सकाळी सीटवर दवाचं बर्फ. स्टार्टर दाबला, दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली.

की गोम्पा, किब्बर, मग चिचमचा पूल. २०१७ मध्ये पूल झाला, त्याआधी लोक दोरावरच्या पाळण्यातून ही घळ ओलांडायचे. पुलाच्या मधोमध उभं राहून ताईने खाली बघितलं आणि लगेच दाजींचा दंड धरला. दुपारी उलट बाजूला लांगझा, हिक्किम, कोमिक. हिक्किमच्या पोस्टातून भाच्याला कार्ड टाकलं, त्यावर फक्त '७८ × ८६' लिहिलं.

कोमिकच्या चढावर गाडीची खरी दमछाक झाली. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या दोनतृतीयांशापेक्षाही थोडी कमी. इंजिनला पोटभर हवाच नाही, मग पेट्रोल जाळणार कशात? चोवीसातले पंधरा घोडे उरले म्हणायचे. दुसऱ्या गिअरात चढणारं वळण पहिल्यात घ्यावं लागलं. पण गाडी कुठे गचके देत नव्हती, काळा धूर नव्हता. फ्युएल इंजेक्शनला हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, तो आपोआप पेट्रोल कमी करतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या इथे पेट्रोल पिऊन गुदमरायच्या, लोक स्क्रू फिरवत बसायचे. २०१६ ची पहिली हिमालयनही कार्ब्युरेटरचीच होती. दाजींचे २०.२ घोडे होते, त्यांचे साडेबारा झाले असतील, आणि मागे ताई. एका वळणावर ताई उतरून चालत आली, फणफणत.

गंमत टायरच्या हवेची. काझाला गेज लावला तर अंबाल्यात भरली तेवढीच, उलट पाऊण पाउंड जास्त. ट्यूब नवी होती म्हणून मी मागचं सोडून पुढचंच बघितलं. बाहेरचा दाब कमी झाला की गेज जास्त दाखवतो, आणि थंडीने आतली हवा आकसते म्हणून कमी. दोन्ही एकमेकांना खातात.

चहाच्या टपरीवर चौघे भेटले, नव्या हिमालयन ४५० वर. २०२३ च्या शेवटी आलेली ती. पाण्याने थंड होणारं इंजिन, ४० पीएस, सहा गिअर. भुर्रकन निघून गेले. मला हेवा वाटला का? चढावर, हो.

दिवस सहावा : काझा ते चंद्रताल

लोसरपर्यंत रस्ता बरा, पुढे दगड. कुंझुमच्या चढावर मी पेगवर उभी राहिले आणि मुक्काम येईपर्यंत बहुतेक उभीच होते. उभं राहिलं की गाडी खाली हवं ते करते, आपण वर गुडघ्यांनी टाकी धरून नुसतं बघायचं. पुढचं चाक २१ इंची, फोर्कची, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची, धाव २०० मिलिमीटर. मुठीएवढे दगड ते गिळतं. नारळाएवढ्यांना चाटून जातं. मिटिऑरचं पुढचं चाक १९ इंची आणि धाव १३० ची, शिवाय पाय पुढे सोडून बसायची बैठक. त्यावर उभं राहता येत नाही. म्हणजे प्रत्येक दगडाची बातमी दाजींच्या माकडहाडापर्यंत.

कुंझुमला देवीच्या मंदिराला गाड्यांनीच प्रदक्षिणा घातली, तशी पद्धत आहे. साडेचार हजार मीटरच्या वर, वारा असा की हेल्मेट काढवेना. पलीकडचा उतार भुरभुरीत खडीचा. तिथे मागचं एबीएस बंद केलं. खडीवर एबीएस चाकाला अडू देत नाही, ब्रेक सोड-धर करत राहतं आणि गाडी वाहत जाते. बंद केलं की मागचं चाक घसरत खडीचा ढीग करून थांबतं. एक लक्षात ठेवायचं, चावी फिरवून गाडी बंद केली की ते पुन्हा चालू झालेलं असतं. मी फोटोला थांबले, विसरले, आणि पुढच्या वळणावर पोटात गोळा आला.

चंद्रतालच्या कॅम्पवर पोचलो तेव्हा सहा वाजले होते. तळं निळं होतं की हिरवं यावर ताई-दाजींचं भांडण झालं. रात्री पाणी गोठलं.

दिवस सातवा : चंद्रताल ते मनाली

बातल ते छत्रू हे तीसेक किलोमीटर. रस्ता म्हणायचा म्हणून म्हणायचा. चंद्रा नदीच्या काठाने दगडगोट्यांवरून जायचं आणि मधेमधे नाले. पहाटे निघालो होतो, तरी छोटा दर्रा नावाच्या जागेच्या आसपासचा एक नाला चांगला मांडीच्या खालपर्यंत होता.

ताई बूट हातात घेऊन कडेने चालत गेली. दाजी आधी घुसले. मधोमध 'खर्रर्र' असा आवाज आला, मिटिऑरचं पोट दगडावर. त्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर, माझा २२०. पन्नास मिलिमीटर म्हणजे चार बोटांचीही रुंदी नाही, पण नाल्यातला तो दगड नेमका तेवढाच होता. दोन माणसांनी मागून ढकललं, दाजी भिजून पलीकडे.

मग मी. पहिला गिअर, नजर समोरच्या काठावर, एकसारखा थ्रॉटल. सगळं पाठ होतं. अर्ध्यात आल्यावर मी खाली बघितलं. का बघितलं ते विचारू नका. ज्या दगडाकडे बघितलं त्यावरच चाक गेलं, घाबरून पुढचा ब्रेक दाबला, डावा पाय टेकवायला गेले तर तिथे जमीन नव्हतीच. पाच फूट तीन इंचांचा हिशेब तिथे चुकता झाला. गाडी डाव्या कुशीवर सावकाश आडवी, मी तिच्याबरोबर, आणि छातीपर्यंत असं पाणी की ओरडायलाही श्वास नाही. आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद. मग सीटला पाठ लावून, एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला, पायांनी मागे रेटत उठवली. एकटीने नाही, दाजी धावत आले. क्रॅश गार्डला ओरखडा, क्लचची लिव्हर थोडी वाकडी, इंजिनखालच्या पत्र्याला एक नवा पोचा. काठावर ढकलून नेऊन पाच मिनिटं निथळू दिली. स्टार्टर दाबला. लागली. मी मात्र कोरडे मोजे घालेपर्यंत थरथरत होते.

पुढे छत्रूपर्यंत ताई माझ्या मागे बसून आली. दाजींना नुसतं गाडी सांभाळायचं होतं, आणि मला मागे वजन हवं होतं. बराच वेळ ती गप्प होती. मग माझ्या हेल्मेटवर टकटक करून म्हणाली, "अगं, हा उंट आदळत नाही की!" मागचं सस्पेन्शन दोन माणसं आणि सामानाखाली अजून बराच दम राखून होतं. डांबर लागल्यावर ती निमूटपणे पाठ टेकायच्या गाडीवर परत गेली. तेही बरोबरच होतं.

ग्रांफूनंतर गुळगुळीत रस्ता, मग अटल टनेल. २०२० मध्ये सुरू झालेला, नऊ किलोमीटर लांब. आत एकच आवाज, माझ्या इंजिनचा, भिंतींवरून परत येणारा. बाहेर पडलो तर देवदार, पाऊस आणि ट्रॅफिक जॅम.

दिवस आठवा : मनाली ते अंबाला

तीनशेच्या वर किलोमीटर, बोगदे, ट्रक, ऊन. शंभरच्या आतच चालवली. सांगण्यासारखं काही नाही.

अंबाल्याच्या पार्सल ऑफिसबाहेर पुन्हा तीच नळी. साडेबाराशे किलोमीटर झाले होते. हिशेब केला तर मला लिटरला एकतीस पडले, दाजींना तेहतीस. टाकीत दोनेक लिटर उरलं होतं, ते गोणपाट बांधणाऱ्याने आपल्या मोपेडमध्ये ओतून घेतलं. बांधताना त्याच्या हाताला रॅकमधून काहीतरी टोचलं. ओढून काढलं तर हुरलिंगचा पाइप. दाजींनी तो आठवण म्हणून बांधून ठेवला होता.

प्लॅटफॉर्मवर भाच्याचा मेसेज आला. कार्ड पोचलं नव्हतं, चौकशी तीच होती. मी पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला, फोटो काढून त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, "हे काय?"

"पाने घेऊन ये रविवारी," मी लिहिलं. "मागच्या चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी गेलंय. चाक तूच काढ."